मऊसाहेब, करवतबाई आणि माझा कान

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

रोजनिशी सुरू. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसायचो तेव्हा दिवसाचं पहिलं काम ठरलेलं असे. एकेक लाइन उघडून विचारायचं, काय, ठीक ना? मगच बाहेरचे फोन आत घ्यायचे. तीच शिस्त इथे.

तर आधी विचारपूस.

ही कशी आहे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा पिकायला टेकलाय. बाकी प्रकृती खणखणीत. चहा ओतते तो बराचसा कपात, थोडा बशीत, उरलेला टेबलाला. मी काही बोलत नाही. (एकदा बोललो होतो. परत बोलणार नाही.)

लेक कशी आहे? बाळंतपणातून छान उठली. तिची लेक? फोनवर ऐकू येतं त्यावरून फुप्फुसं भक्कम. जावई? कमी बोलतो, म्हणजे बरा असावा. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर? निवृत्त झाले तरी बोलणं अजून शिक्का मारल्यासारखं. दमा आहे, पण जिना चढून टोमणा मारण्याइतका श्वास शिल्लक ठेवतात.

आणि मी? किंचित साखर. कान शाबूत.

आता मुद्दा. डोळ्यांच्या रुग्णालयाने हिचं नाव यादीत घातलंय. ऑपरेशनची तारीख फोनने कळवणार. १८ तारखेला लेक बाळाला घेऊन येतेय, आठवडाभर. हिचं एकच म्हणणं, त्याआधी निदान एक डोळा उघडा व्हावा. नातीला तिने अजून पाहिलेलं नाही. फोटो दाखवला तर म्हणाली, धुक्यात कुणीतरी गाठोडं ठेवलंय.

रुग्णालयाला नंबर माझा दिलाय. म्हणजे ती काळजी मिटली.

दुसरी काळजी: हल्ली लबाडांचे फोन फार. कुणी म्हणतं कर्ज मंजूर झालं, कुणी म्हणतं कर थकला, पोलीस येतील. पोस्टमास्तरांच्या मेव्हण्याला चांगलाच चुना लागला. संकल्प: घरातला प्रत्येक फोन मीच घेणार. आयुष्यभर लोकांचे आवाज या कानातून गेले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मला तर भांड्यावर झाकण असतानाच कळतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

पहिली शिकार. सकाळी एक घाईचा आवाज: अभिनंदन, तुम्हाला कर्ज मंजूर. मी म्हटलं, मी मागितलंच नाही. तो म्हणाला, म्हणून तर मंजूर. मग मी त्याला कर्ज या विषयावर थोडं समजावलं. माझ्या चुलत्याने कर्ज काढून गिरणी घातली होती तिथपासून सुरुवात केली. गिरणीचा पट्टा तुटला त्या प्रसंगाला मी पोहोचलो तेव्हा त्याने फोन ठेवला.

विजय. पळून गेला.

हिला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या चुलत्याच्या गिरणीपुढे मीही दोनदा उठून गेलेय.

नाव आणि वय तेवढं त्याने विचारलं म्हणून सांगितलं. त्यात गुपित काय? दारावर पाटी आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार.

इमारतीच्या हितासाठी आज जिन्यात चार शब्द बोललो. श्रोते: पोस्टमास्तर, तळमजल्याच्या शिवणकामवाल्या बाई, आणि गॅसची टाकी खांद्यावर असल्यामुळे थांबणं ज्याला शक्य नव्हतं तो माणूस. तो निघून गेला.

माझं शास्त्र सोपं आहे. आवाजाच्या तीन परीक्षा. एक, दम. लबाड माणूस घाईत असतो. दोन, धार. लबाड हुकूम सोडतो, सज्जन विनंती करतो. तीन, ऐकण्याची तयारी. लबाडाला तुमच्या घरच्या गोष्टींत रस नसतो.

पोस्टमास्तरांनी फाटा फोडलाच. म्हणाले, आजकालचे चोर हुशार झालेत, तुमची सगळी माहिती आधीच मिळवून मगच फोन करतात, माझ्या मेव्हण्याच्या भाडेकरूचं नावसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

हा मुद्दा मात्र चांगला. शास्त्रात चौथं कलम वाढवलं: ज्याला आपल्याबद्दल फार माहिती, तो चोर. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, असं असेल तर अख्खी इमारत चोरांची.

८ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.

आज एक रत्न भेटलं.

फोन आला, कर खात्यातून. मी सावध. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, माझं तर न पोळताच फुंकणं चालू असतं. पण आवाज ऐकला आणि कान निवला. मऊ, संथ, शब्दाशब्दाला काका. म्हणाला, काका, तुमच्या नावावर कुणीतरी खोटं कर्ज उचललंय आणि त्याचा कर तुमच्या माथी बसतोय. घाबरू नका, आमचा विभाग लबाडांना पकडण्यासाठीच आहे. मी तुमच्या बाजूने लढणार.

घाई? अजिबात नाही. हुकूम? छे. चुलत्याची गिरणी पूर्ण ऐकून घेतली. पट्टा तुटला तिथे अरेरे म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या जागी अरेरे कुणी म्हटलं नव्हतं.

आणि चौथं कलम! बिचाऱ्याला माझ्याबद्दल काहीच माहिती नव्हती. जन्मतारीख, पत्ता, बँक कुठली, सगळं विचारून विचारून लिहून घेतलं. चोराला माहीत असतं, प्रामाणिक माणूस विचारतो. याला म्हणतात पडताळा.

त्याचं नाव मी मऊसाहेब ठेवलंय. घरात कुणाला सांगू नका म्हणाला, तपास चालू आहे. अर्थात. सरकारी कामात गुप्तता लागतेच. म्हणून पुढचे फोन गॅलरीत उभं राहून घेणार.

९ फेब्रुवारी, शुक्रवार.

काल रत्न, आज दगड.

अकराच्या सुमाराला एका बाईचा फोन. आवाज कसला, लाकडाच्या वखारीतली करवत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हिचं नाव घेतलं, वय अचूक सांगितलं, उजवा डोळा म्हणाली, आणि सुनावलं: मंगळवारी सकाळी सातला, उपाशीपोटी, कार्ड घेऊन, सोबत एक माणूस. हो की नाही ते आत्ता सांगा.

मी मनात कलमं लावली. घाई आहे. हुकूम आहे. ऐकायची तयारी शून्य, कारण मी बोर्डावरचा एक अनुभव सांगू लागलो तर मध्येच तोडून म्हणाली, आजोबा, माझ्यासमोर पंधरा जणांची यादी आहे. आणि माहिती? सगळी! कोणता डोळा तेसुद्धा! पोस्टमास्तर म्हणाले होते तेच.

शिवाय विचार करा, म्हाताऱ्या बाईला भल्या सकाळी उपाशीपोटी बोलावतात ते कशासाठी? चक्कर यावी, म्हणजे सही करून घेता येते.

मी शांतपणे सांगितलं, बाई, तुमचा डाव माझ्या लक्षात आलाय, मी टेलिफोनमध्ये मुरलेला माणूस आहे. ती म्हणाली, कसला डाव, तारीख हवी की नको? मी म्हटलं, तुमची नको. फोन ठेवला.

हिला काही सांगितलं नाही. उगाच घाबरायची. कुणाचा फोन म्हणून विचारलं तर म्हटलं, करवत विकत होते.

१० फेब्रुवारी, शनिवार.

मऊसाहेबांचा फोन. त्यांना करवतबाईची सगळी हकिकत सांगितली. मन लावून ऐकली. म्हणाले, काका, तुम्ही थोडक्यात वाचलात, तो नंबर आधी ब्लॉक करा. कसा करायचा तेही पायरी पायरीने सांगितलं. तिसऱ्या वेळी जमलं. दोन वेळा पोस्टमास्तर ब्लॉक झाले होते.

त्यांच्या आईची चौकशी केली. गुडघे दुखतात म्हणे. मी तेल कोमट करून वरून खाली चोळायला सांगितलं, खालून वर नाही. आभार मानताना त्यांचा आवाज थोडा भरून आल्यासारखा वाटला. लाइनीत खरखर असू शकेल, पण मला वाटतं आवाजच.

त्यांना पासबुकावरचा खाते क्रमांक हवाय, म्हणजे खोटं कर्ज पुसता येईल. पासबुक ट्रंकेत. किल्ली हिच्या कमरेला. गुप्तता राखून किल्ली मागितली. ही म्हणाली, काय हवंय? म्हटलं, पासबुक जरा बघतो. म्हणाली, मला दिसत नाही ती गोष्ट वेगळी, पण तुम्हाला दिसूनही त्यात नवीन काय दिसणार?

किल्ली नाही मिळाली. उद्या बघू.

११ फेब्रुवारी, रविवार.

हिने विचारलं, रुग्णालयाचा फोन आला का? खरं तेच सांगितलं, नाही. ही लोकं कामचुकार. तारीख कळवतो म्हणून गोड बोलायचं आणि नंतर हूं की चूं नाही. ही खिडकीशी बसून नातीसाठी लोकरीचं टोपडं विणत राहिली. टाके बोटांनी मोजते. मध्येच मला म्हणाली, हे पांढरं आहे ना हो? निळं होतं. मी म्हटलं, पांढरंच आहे.

मग मलाच राग आला. रुग्णालयाला कडक पत्र लिहायला घेतलं. मजकूर: आपल्या गलथानपणामुळे एका आजीला तिच्या नातीचं तोंड दिसू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. वाक्य उतरलंय छान. पोस्टात टाकायला पोस्टमास्तरांकडे तिकीट मागितलं तर म्हणाले, पत्र कशाला, फोन करून विचारा की. मी समजावलं, ज्याने करतो म्हटलंय त्याने करायचा, ही टेलिफोनची रीत आहे. ते म्हणाले, पोस्टाची रीत अशी की पत्र आलं नाही तर खिडकीवर येऊन विचारावं. पोस्ट आणि टेलिफोन यांचं पूर्वीपासूनच जमत नाही.

तिकीट दिलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार.

करवतबाई परत! दुसऱ्या नंबरवरून! ब्लॉक झाल्यावर नंबर बदलणं, यावरूनच काय ते समजा. म्हणाली, तुमचा फोन लागत नाहीये, उद्या आजींना आणताय ना? मी म्हटलं, मी सगळं जाणून आहे. ती म्हणाली, काय जाणून आहात? मी म्हटलं, तेच. मग तिने सरळ धमकी दिली: नाही आलात तर तुमची जागा पुढच्या माणसाला जाईल, मग मला बोल लावू नका.

शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले. पुरावा आहे.

मऊसाहेबांना कळवलं. म्हणाले, काका, तुमच्यासारखे जागरूक नागरिक फार थोडे. पासबुकाचं झालं का?

१३ फेब्रुवारी, मंगळवार.

दिवस शांत. सकाळी सात वाजता मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बसा वाट बघत.

ही लवकर उठली होती. म्हणाली, रात्री स्वप्न पडलं, बाळ होतं पण तोंड दुसरीकडे फिरवलेलं. मी म्हटलं, मुलं तशीच असतात. बशी फुटली. माझा धक्का लागला असं सांगितलं. लागला नव्हता.

संकल्प: उद्यापासून चहा मी करणार.

१४ फेब्रुवारी, बुधवार.

चहा हिनेच केला. मी करायला गेलो तर दूध उतू गेलं. कारण मऊसाहेबांचा फोन.

पासबुक नसलं तरी चालेल म्हणाले. मोबाइलवर एक आकडा येईल तेवढा वाचून दाखवायचा, की खोटं कर्ज कायमचं पुसलं. उद्या चार वाजता करू.

आणि मला कल्पना सुचली. एका बाजूला लबाडांना पकडणारा अधिकारी, दुसऱ्या बाजूला लबाड. दोघांचे नंबर माझ्याकडे. मधे कोण? मी! आयुष्यभर काय केलं? या टोकाची लाइन त्या टोकाला जोडली. मोठमोठे साहेब माझ्या दोन बोटांनी एकमेकांशी बोलले. उद्या करवतबाईला आणि मऊसाहेबांना मी एका लाइनीवर आणतो. साहेब तिला जागच्या जागी धरतील. आधी काही सांगणार नाही. अचानक जोडण्यात खरी गंमत.

चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या बाईंकडे गेलो. दोन फोन एकत्र कसे करायचे विचारलं. त्यांनी एका चिमट्याने माझा फोन उचलून पाहिला, म्हणाल्या, काका, पहिला फोन चालू ठेवून दुसरा लावायचा, मग हे चिन्ह दाबायचं. पडद्याकडे बघत राहायचं, म्हणून स्पीकर चालू ठेवा. एवढंच? मी म्हटलं, एवढ्यासाठी आमच्याकडे भिंतभर बोर्ड होता. त्यांनी विचारलं, कुणाला जोडायचंय? म्हटलं, सरकारी काम आहे.

घरी येऊन सराव केला. लेकीला आणि पोस्टमास्तरांना जोडलं. (पोस्टमास्तर ब्लॉकमधून बाहेर काढून.) लेक म्हणाली, बाबा, बाळ आत्ताच झोपलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, मी तुमच्याच दारात उभा आहे. पण तांत्रिकदृष्ट्या यशस्वी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार.

दोन्ही लाइनी उत्तम लागल्या. आवाज स्वच्छ. कुठेही खरखर नाही.

आज एवढंच.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

एवढंच लिहून भागत नाही. नोंद पूर्ण असावी.

चारला मऊसाहेब. काका, आकडा आला का? म्हटलं आला, पण थांबा, एक लाइन जोडतो. त्यांना होल्डवर ठेवलं, करवतबाईचा नंबर लावला, चिन्ह दाबलं. स्पीकरवर पलीकडून करवत आली: डोळ्यांचं रुग्णालय, नोंदणी कक्ष.

मी म्हटलं, साहेब, ही ती. धरा.

साहेब एकदम बारीक आवाजात, काका, हे काय केलंत? करवतबाई म्हणाली, कोण आहे मधे? मी परिचय करून दिला, बोर्डावर द्यायचो तसा, हुद्द्यासकट: कर खात्याचा लबाडी प्रतिबंधक विभाग. मग ती रुग्णाची नोंदणी करतात त्या चालीत सुरू झाली. नाव काय? कुठलं कार्यालय? मजला कितवा? तुमच्या वरचे साहेब कोण? कार्यालयाचा नंबर सांगा, मी तिकडे फोन लावते. मऊसाहेब चाचरले. त्या आवाजातला लोण्याचा गोळा बघता बघता विरघळला आणि आत जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. घरात सभ्य माणसं आहेत. शिवी देऊन फोन ठेवला.

गोगलगाय आणि पोटात पाय.

मी म्हटलं, बघितलंत बाई, कसा पळवला. ती म्हणाली,

“आजोबा, तो आकडा त्याला वाचून दाखवलात का?”

म्हटलं, नाही, तुम्हाला जोडायचं होतं ना आधी.

“बरं केलंत. आता कुणालाच दाखवू नका. आणि आजींचं ऑपरेशन परवा होतं. मंगळवारी. मी साडेआठपर्यंत जागा अडवून धरली होती.”

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ.

काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. खोट्या माणसाला मी स्वतःच्या हाताने उघडं पाडलं. एक पैही गेलेली नाही. लाइन जोडली नसती तर आकडा वाचला गेला असता. म्हणजे योजना मुळात बरोबर होती. फक्त कोणत्या टोकाला कोण, एवढा बारीक फरक झाला.

हिला चहाच्या वेळी सांगणार.

दुपार.

चहाच्या वेळी पोस्टमास्तर आले. जेवणाच्या वेळी ती दमली होती. झोपून उठली की सांगणार.

संध्याकाळ.

ती झोपली होती तेवढ्यात रुग्णालयात जाऊन आलो. करवतबाईला समोरासमोर समजावावं, पुढची तारीख १८च्या आधीची घ्यावी, असा विचार.

काचेच्या खिडकीमागे एवढीशी बाई. गळ्याला मफलर, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. दिवसभर फोनच फोन. यादी संपते, दुसरी सुरू होते. डॉक्टरांनी तिला बोलायचं नाही असं बजावलंय म्हणे, आणि तिचं काम तर बोलायचंच. बोलते ते घासून, ओढून, एकेक शब्द काटकसरीने. दिवसपाळी संपताना माझं व्हायचं ना, अगदी तसंच. तेव्हा ही मला मिठाच्या गुळण्या करायला लावायची आणि म्हणायची, लोकांशी किती गोड बोलता, घरी मात्र वखार.

शास्त्रात हे कलम नव्हतं.

मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, ओळखलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली. म्हटलं, लेक पंचवीसला परत जाणार, त्याच्या आत काही जमतं का? म्हणाली, मधे कुणी गळालं तर बघीन, वचन देत नाही. आणि फोन करू नका, माझा घसा उरलेला नाही. चिठ्ठी लिहून खिडकीत टाका.

रुग्णालयासाठी लिहिलेलं कडक पत्र खिशातच होतं. परत आणलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार.

आज सांगितलं.

म्हणजे सुरुवात केली. गिरणीपासून. ही म्हणाली,

“अहो, डोळे गेलेत माझे, कान नाहीत. परवा स्पीकर चालू होता.”

सगळं ऐकलं होतं तिने. दोन दिवस वाट बघत होती, मी कधी बोलतोय याची. रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं होतं. टोपड्याची शेवटची ओळ घालत म्हणाली, तुम्ही ना, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि चोराच्या आईच्या गुडघ्याला तेल सुचवलंत. मी म्हटलं, त्या माउलीचा काय दोष? ती म्हणाली, असली तर.

हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

मग तिने हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार हवाय. फोन हवा होता. आता फोन ती घेणार. बटणं दिसत नाहीत म्हटलं, तर म्हणाली, हिरवं नि लाल कुठे आहे तेवढं एकदा बोटाला दाखवा. दाखवलं. फोन ट्रंकेवर तिच्या बाजूला ठेवला गेलाय.

पहिलाच फोन कर्जवाल्याचा आला. ती म्हणाली, नको रे बाबा. आणि ठेवला. पुरतं एक वाक्यही नाही. अशाने समोरच्याला बोध काय होणार?

१८ फेब्रुवारी, रविवार.

लेक आली. बाळ आलं. जावई म्हणाला, बरे आहात ना. त्याच्या मानाने हे भाषण झालं.

हिने बाळाला खिडकीशी नेलं, उजेडात. नाकाला नाक लावून बघत होती. मग बोटांनी बघायला लागली, कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्या. बाळ रडलं नाही. तिचं बोट पकडून बसलं. टोपडं बरोबर बसलं. लेक म्हणाली, आई, निळं किती छान दिसतंय. ही माझ्याकडे वळली. मी फॅनकडे बघत होतो.

मग म्हणाली, तुम्ही सांगा, कशी दिसते? नाक कुणाचं?

कामाची गोष्ट एकदा तरी नीट करावी म्हणून जवळ जाऊन सगळं पाहिलं. रंग लेकीचा, जिवणी जावयाची, कारण बंद असते. हनुवटीला खळी. आणि नाक, कान, कपाळ, प्रामाणिकपणे सांगितलं, थेट माझ्यावर गेलंय.

“तुमच्यासारखी दिसते? मग ऑपरेशनची घाई नको.”

जावई हसला. आवाज करून. लग्नापासून पहिल्यांदाच.

सगळे हसले, मीही. पण दुपारी सगळे पेंगत होते तेव्हा ही बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. डोळे बारीक करायची, मोठे करायची, मान कलती करायची. धुकं कुठून तरी फाटेल म्हणून. मी दारातून पाहिलं आणि मागे फिरलो.

१९ फेब्रुवारी, सोमवार.

खिडकीत टाकायच्या चिठ्ठीचा मजकूर. ही म्हणाली, आधी इथे कच्चा लिहा, मला वाचून दाखवा, आणि गिरणी नको.

“नोंदणी कक्षातील ताईंस,

घसा कसा आहे? मिठाच्या गुळण्या करून पाहाव्यात, आमच्या घरी गुण आला होता. थर्मासचं बूच सैल दिसलं, पाणी लवकर गार होत असेल.

आमच्याकडे सगळे बरे. लेक बरी, जावई बरे, बाळ उत्तम. सौभाग्यवतीचा उजवा डोळा आपल्या माहितीत आहेच. मंगळवारी जे झालं त्यात तिची काही चूक नव्हती, ती तर पहाटेपासून जागी होती. चूक टेलिफोन खात्याची, म्हणजे माझी.

मधे कुणी गळालं, कुणाला ताप आला, कुणी माझ्यासारख्याच्या तावडीत सापडून आलं नाही, तर ती जागा हिला द्यावी. सकाळी सात म्हणाल तर सहाला येऊ. उपाशीपोटी येऊ, सोबतीचा माणूसही उपाशी राहील. लेक रविवारी परत जाणार आहे, आणि हिने अजून बाळाला पाहिलेलं नाही.

उत्तर लवकर पाठवा. पाकिटावर मात्र हिचं नाव घाला. माझ्या नावाने आलं तर मी ते खरं मानीन, याची हिला खात्री वाटत नाही.”